तीन महिने कुणाला सांगायचं नाही

"ताई, माझं वय 31. नाशिकला नोकरी करते. जानेवारीत दिवस राहिले आणि मार्चमध्ये, अकराव्या आठवड्यात, गेलं. आम्ही दोघं आणि माझी आई सोडून कुणालाच माहीत नव्हतं. तीन महिने झाले की सांगू म्हणून सासरीही कळवलं नव्हतं, आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही. चार दिवस सिक लीव्ह टाकली आणि कामावर गेले.

गेल्या पंधरवड्यात सासूबाई चांदवडहून राहायला आल्या होत्या. मी आंघोळीला गेले असताना माझा फोन वाजला, तो त्यांनी घेतला. पलीकडची मुलगी म्हणाली, 'अभिनंदन मॅडम, सातवा लागला ना? 9 ऑक्टोबर ड्यू डेट आहे ना? बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवायचा आमचा प्लॅन आहे.' मी बाहेर आले तर सासूबाई फोन हातात धरून उभ्या. नवऱ्याने 'राँग नंबर असेल' म्हणून वेळ मारून नेली. त्या काही बोलल्या नाहीत, पण ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच गावी गेल्या.

चार महिने झाले, फोन उघडला की डायपर, पाळणे, गरोदर बायकांचे गाऊन. 'नको' म्हणून दाबलं तर दुसरंच काही येतं. नवरा म्हणतो, फोन आपलं बोलणं ऐकतो. मला वाटतं, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या मुलीनेच माझा नंबर विकला. माझ्या फाइलवर सोनोग्राफीनंतरची तारीख 17 ऑक्टोबर आहे, म्हणजे त्यांना धड विकताही आलं नाही. मी डॉक्टर बदलायचं ठरवलंय. हे सगळं थांबवता येतं का? तक्रार कुठे करू? आणि सासूबाईंना खरं सांगू, का राँग नंबरच राहू दे?
— एक वाचक, नाशिक"

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही 'अगं' म्हणते.

आधी जे गेलं त्याबद्दल. 'माझंच काही चुकलं का' हा प्रश्न तू पत्रात लिहिलेला नाहीस, पण या दिवसांत तो कुणाला सुटत नाही म्हणून सांगते. दिवस गेल्याचं कळलेल्या दर 100 बायकांमध्ये 10 ते 20 जणींच्या बाबतीत हे होतं. सुरुवातीच्या महिन्यांत असं झालं, तर जवळजवळ निम्म्या वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं. तू ऑफिसला गेलीस, जिना चढलीस, रात्री जागलीस, यातल्या कशानेही ते झालेलं नाही. आणि जाता जाता: अशा वेळी कायद्याने 6 आठवड्यांची पगारी रजा मिळते, डॉक्टरांचा दाखला दिला की झालं. तू कारणच सांगितलं नसशील, त्यामुळे ऑफिसनेही ते आपणहून सांगितलं नाही. चार दिवसांत उठून कामाला लागलीस हे वाचून मला तुझं कौतुक वाटलं नाही, वाईट वाटलं.

आता तो फोन. पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू रागाच्या भरात शेवटी लिहिली आहेस, ती म्हणजे दोन तारखा. पोरीने 9 ऑक्टोबर सांगितली, फाइलवर 17 आहे. तुला वाटलं विकणाऱ्याची चूक झाली. मला वाटतं, चोर कुठल्या दाराने आला ते या आठ दिवसांनी सांगितलंय.

बाळंतपणाची तारीख दोन प्रकारे निघते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 280 दिवस मिळवायचे, ही एक रीत. दुसरी, सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून डॉक्टर काढतात ती. पाळी उशिरा येणाऱ्या बायकांत या दोन तारखांत आठवडाभराचा फरक सहज पडतो, आणि मग डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात. तुझ्या फाइलवर 17 आली ती तशी. फाइलवरून नंबर उचलला असता तर पोरगी 17 म्हणाली असती. 9 ऑक्टोबर ही पाळीवरून काढलेली तारीख आहे, आणि पाळीची तारीख तू सगळ्यात आधी कुणाला सांगितलीस ते आठव. मला तर वाटतं, नवऱ्याच्याही आधी एखाद्या ॲपला सांगितली असशील. या आठवड्यात बाळ लिंबाएवढं, पुढच्या आठवड्यात संत्र्याएवढं, असं सांगणारं एखादं ॲप तुझ्या फोनवर असणार. तुझ्या वयाच्या दहा गरोदर मुलींपैकी किती जणींकडे ते नसतं? सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी तारीख बदलली, पण ॲपमध्ये जाऊन ती बदलायचं तुला सुचलं नसेल. त्याचमुळे आज हा माग लागतोय.

आता जरा डोक्याला ताण दे. त्या ॲपमध्ये किंवा त्याच्या जाहिरातीत 'मोफत हॅम्पर', 'पहिलं डायपर पॅक फ्री', 'आई क्लबचे सभासद व्हा' असा एखादा फॉर्म भरला होतास का? नाव, मोबाइल, शहर, ड्यू डेट? भरला असशील तर रिसेप्शनवरच्या मुलीला मनातल्या मनात सॉरी म्हण आणि डॉक्टर बदलायची घाई करू नकोस. अर्थात पहिल्या भेटीच्या कागदावर किंवा रक्ततपासणीच्या लॅबच्या फॉर्मवरही पाळीची तारीख असते, म्हणजे त्यांना मी अगदीच सोडून देत नाही. पण पहिला संशय त्यांच्यावर नको.

हॅम्परचं मी उगाच नाही म्हणत. इंग्लंडमध्ये बाउंटी नावाची एक कंपनी होती. गरोदर बायकांना आणि नव्या आयांना ती मोफत वस्तूंच्या पिशव्या वाटायची, दवाखान्यात खाटेपाशी येऊनसुद्धा. पिशवी हवी तर कार्ड भरून द्यायचं. तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने एप्रिल 2019 मध्ये तिला 4 लाख पौंडांचा दंड केला, कारण जून 2017 ते एप्रिल 2018 एवढ्या काळात तिने 1.4 कोटींहून अधिक लोकांच्या मिळून सुमारे 3.44 कोटी नोंदी 39 कंपन्यांना पुरवल्या होत्या. त्यांत माहितीचे घाऊक व्यापारी होते, टीव्हीची जोडणी विकणारे होते. आयांची माहिती होतीच, वर बाळाची जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी हेही होतं. पिशवीत चार डायपर आणि एक क्रीमची ट्यूब. बदल्यात कंपनीला काय मिळालं ते बघ.

एवढा सौदा का? गरोदर बाईएवढं पक्कं गिऱ्हाईक बाजाराला दुसरं मिळत नाही. एरवी कोण कधी काय घेईल याचे अंदाज बांधावे लागतात. इथे एक तारीख हातात आली की पुढच्या दोन-तीन वर्षांची यादी तयार: गोळ्या, गाऊन, पाळणा, डायपर, दुधाची पावडर, विमा, मोठं घर. आपल्याकडे तीन महिने सासूलाही सांगायचं नाही अशी रीत, आणि नेमके तेच तीन महिने बाजाराला सगळ्यात मोलाचे, कारण बाईने अजून कुठलाच ब्रँड ठरवलेला नसतो. म्हणून तुझी बातमी चांदवडला पोचायच्या आधी कुठल्या तरी कॉल सेंटरच्या एक्सेलमध्ये पोचली. आणि मार्चमधली दुसरी बातमी तिथे कधीच पोचली नाही, कारण ती कुणी विकत घेत नाही. दिवस गेल्याची नोंद ठेवायला या धंद्यात सगळे आहेत, पुढचं झालेलं खोडायला कुणी नाही. तुझ्या फोनमध्ये तू अजून गरोदर आहेस, ती यामुळे.

नवऱ्याचं 'फोन ऐकतो' हे मी घरोघरी ऐकते. आमच्या सोसायटीत तर ते वेदवाक्य आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 17,260 अँड्रॉइड ॲप्स तपासली. चोरून माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं त्यांना एकही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप्स आपण पडद्यावर काय करतो त्याचं चित्रणच दुसऱ्या कंपन्यांना पाठवत होती. तुमच्या गप्पा ऐकून, त्यातली मराठी समजून घेऊन, जाहिरात ठरवण्याचा खटाटोप कशाला करायचा, जेव्हा आपण आपल्या बोटांनी सगळं टाइप करून देतो? फ्लो नावाचं पाळीची नोंद ठेवणारं एक ॲप आहे, 10 कोटींहून अधिक बायकांनी वापरलेलं. माहिती कुणाला देणार नाही असं वचन देऊन ते फेसबुक, गूगल यांच्या विश्लेषण विभागांना नोंदी पाठवत होतं, असं अमेरिकेच्या व्यापार आयोगाने म्हटलं आणि जानेवारी 2021 मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. बाईने गरोदरपणाचा आठवडा निवडला की 'आठवडा निवडला' अशा अर्थाचं नाव असलेली एक नोंद आपोआप पलीकडे जायची. त्याच प्रकरणात ऑगस्ट 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने मेटाविरुद्ध, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीविरुद्ध, कौल दिला. माइकची गरज कुठे आली?

म्हणजे तुझ्या बाबतीत दोन वेगळ्या वाटा आहेत आणि दोघींचा इलाज वेगळा आहे. फोन करणाऱ्या पोरीकडे तुझं नाव, नंबर, तारीख असलेली यादी होती. डायपरच्या जाहिराती दाखवणाऱ्या यंत्राला तुझं नाव लागत नाही. तुझ्या फोनला एक जाहिरात क्रमांक असतो. ॲपं, दुकानं, वेबसाइटी त्या क्रमांकाखाली आपापल्या नोंदी टाकत जातात, आणि तू पान उघडलंस की ते पान पूर्ण दिसायच्या आत त्या क्रमांकासाठी लिलाव होऊन जातो. जिंकेल त्याचा पाळणा तुला दिसतो.

'नको' दाबल्यावर दुसरंच येतं, असं तू लिहिलंस. वॉशिंग्टन पोस्टमधल्या एका पत्रकार बाईंचं बाळ पोटातच गेलं. डिसेंबर 2018 मध्ये त्यांनी या बड्या कंपन्यांना एक उघडं पत्र लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. त्या जाहिराती नकोत म्हणून दाबत राहिल्या, तर यंत्राने अर्थ काढला की आता बाळंतपण झालं असणार, आणि दूध पाजणाऱ्या आयांच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली. तिसरं काही घडू शकतं हे त्याला शिकवलेलंच नव्हतं. फेसबुकच्या एका अधिकाऱ्याने त्यावर कळवलं की हा विषय बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे. आहे खरी. पण दुःखात असलेल्या बाईने ती कुठून शोधायची?

तुझ्यासाठी मी ती शोधली. पण हे काम तू करायचं नाहीस. रविवारी सकाळी फोन नवऱ्याच्या हातात दे, हा कागद त्याच्यासमोर ठेव आणि तू बाहेर फिरायला जा. ऐकणाऱ्या फोनचा सिद्धान्त मांडणाऱ्याला एवढं जमेल.

सगळ्यात आधी ते ॲप, पण ते नुसतं उडवून टाकायचं नाही, ही चूक सगळे करतात. आयकॉन गेला तरी खातं आणि तारीख कंपनीकडे तशीच राहते, आणि ईमेल येत राहतात. आधी ॲपमध्ये शिरून सेटिंग किंवा प्रोफाइलमध्ये बघायचं. अशा अनेक ॲप्समध्ये गर्भ राहिला नाही असं कळवायची सोय असते. ते कळवायचं, मग 'डिलीट अकाउंट' करायचं आणि त्यानंतरच ॲप काढायचं. (हे बटण दाबताना जे वाटेल ते तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणूनच नवऱ्याला बसवायचं.)

मग गूगल. खात्यात 'माय ॲड सेंटर' म्हणून जागा आहे. तिथे 'कस्टमाइझ ॲड्स' आणि त्यात 'सेन्सिटिव्ह'. दारू, जुगार वगैरेंच्या रांगेत 'प्रेग्नन्सी अँड पेरेंटिंग' असं लिहिलेलं दिसेल, ते बंद करायचं. यूट्यूबलाही ते लागू होतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर 'अकाउंट्स सेंटर', त्यात 'ॲड प्रेफरन्सेस', त्यात जाहिरातींचे विषय. 'पेरेंटिंग' शोधून 'सी लेस' करायचं. तिथेच जवळपास दुसरी एक यादी सापडेल, बाहेरच्या कुठल्या कुठल्या ॲप्सनी आणि दुकानांनी तुझ्याबद्दल मेटाला काय काय कळवलं त्याची. ती एकदा वाचून घ्या, कारण 9 ऑक्टोबरवाली मंडळी कदाचित तिथेच नावासकट भेटतील. स्क्रीनशॉट काढा आणि मग पुसून टाका, पुढची जोडणीही तोडा.

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये 'ॲड्स' असं शोधून 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. मघाशी सांगितलेला तो क्रमांक याने जातो. आयफोनवर 'प्रायव्हसी'मध्ये 'ट्रॅकिंग' बंद. खरेदीच्या ॲपमध्ये तू पाळणा जपून ठेवला असशील, तर ती यादी आणि तिथला शोधांचा इतिहासही काढायचा. आणि हेच सगळं नवऱ्याने स्वतःच्या फोनवरही करायचं. तुमचं घर एक, वायफाय एक, आणि त्या अकरा आठवड्यांत त्यानेही रात्री गुपचूप काय काय शोधलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. जाहिराती दुसऱ्या दिवशी थांबणार नाहीत. काही आठवडे जातील, एखादी चुकार जाहिरात नंतरही येईल. पण हे ऑक्टोबरच्या आत करा. तारीख जवळ येईल तसा जोर वाढतो, आणि ऐन नवरात्रात दुधाच्या पावडरीचा मोफत नमुना तुझ्या दारात यायला नको.

आता फोन करणारे. 1909 ला फोन करून सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद असं नोंदव, किंवा ट्रायचं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, डीएनडी ॲप घे. नोंदवूनही फोन आला तर त्याच ॲपवरून तक्रार करता येते. पूर्वी त्याला 3 दिवसांची मुदत होती, 2025 पासून ती 7 दिवस झाली आहे. तुला आलेल्या त्या फोनची मुदत टळली, पण पुढचा येणारच. जाहिरातीच्या फोनांना 140 ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन आला असेल तर ते मुळातच नियमाबाहेर आहे. नंबर ब्लॉक करण्याआधी लिहून ठेव.

आणि त्या पोरीवर ओरडू नकोस. तिला महिन्याला किती फोन लावले त्यावर पगार मिळतो. शांतपणे एवढंच विचार, 'माझा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?' बऱ्याचदा त्या खरं सांगून टाकतात. कधी दुसऱ्या कंपनीचं नाव मिळतं, कधी 'डेटा आलाय मॅडम'. तो डेटा कसा येतो याची कल्पना यावी म्हणून सांगते: मार्च 2023 मध्ये हैदराबादकडच्या सायबराबाद पोलिसांनी एक टोळी पकडली, तिच्याकडे 16.8 कोटी लोकांची माहिती विकायला होती, त्यांत नीटचे विद्यार्थी होते आणि संरक्षण दलांतले कर्मचारीही. लगेच पुढच्या महिन्यात पकडलेल्या एकाकडे 66.9 कोटी. भाजीसारखा वर्गवारी लावून ठेवलेला माल असतो तो. मी स्वतः एका साड्यांच्या प्रदर्शनात लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर नंबर लिहिला होता. साडी लागली नाही. पुढे वर्षभर मला पनवेलला टू बीएचके घ्या म्हणून फोन येत होते. साडी बघणाऱ्या बाईला फ्लॅटही लागत असेल हा हिशोब कुणी केला कोण जाणे.

मेडिकलवाल्याचंही बघ. दर महिन्याला फोलिक ॲसिडच्या गोळ्या घेताना बिलासाठी मोबाइल नंबर देत होतीस? दुकानदारांनी बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्येच बजावलंय. 'नंबर देत नाही, बिल कागदावर द्या' एवढं म्हणायचं. चौघांसमोर ओशाळल्यासारखं होतं, मलाही होतं, पण चौथ्यांदा होत नाही.

तक्रारीचं खरं चित्र सांगते. तुझ्या हातात आज जे आहे ते म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे 2011 चे नियम. त्यांत आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय इतिहास ही 'संवेदनशील' माहिती मानली आहे. ती घ्यायला लेखी संमती लागते, दुसऱ्याला द्यायला आधी परवानगी लागते, आणि दिलेली संमती लेखी कळवून परत घेता येते. कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि पत्ता वेबसाइटवर टाकावा लागतो आणि त्याने एका महिन्यात निवारण करायचं असतं. हॉस्पिटल, लॅब, ॲप, नाळेचं रक्त साठवणारे, सगळे यात येतात. म्हणून ॲपच्या आणि त्या फोन करणाऱ्या कंपनीच्या अशा अधिकाऱ्याला ईमेल कर. भाषा साधी ठेव: 'माझ्या आरोग्याविषयीची माहिती वापरायची संमती मी मागे घेत आहे. ती काढून टाका. ती तुम्हाला कुणाकडून मिळाली आणि तुम्ही कुणाला दिली ते कळवा. यापुढे मला फोन करू नका.' कुणाला दिली याची यादी द्यायलाच हवी असं सध्याच्या नियमांत स्पष्ट नाही, तरी विचार. लेखी विचारलं की उत्तर टाळणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो. काय झालं ते त्यांना सांगायची गरज नाही. तू ग्राहक नाहीस एवढंच त्यांना कळलं पाहिजे.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि आपली माहिती बघण्याचा, पुसून घेण्याचा हक्क मे 2027 मध्ये लागू होईल. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. ऐकायला भारदस्त आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जाणार, तुला त्यातला रुपया मिळणार नाही. उलट माहिती नीट न सांभाळल्याबद्दल कंपनीकडून नुकसानभरपाई मागायची जुन्या कायद्यातली वाट या नव्या कायद्याने बंद होणार आहे. मला हे पटलेलं नाही. ज्याचं दुखलं त्याच्या हातून दावा काढून घ्यायचा आणि दंड सरकारने घ्यायचा, हा कुठला न्याय! असो. तुला कोर्टात जा असं मी सांगणार नाही. ईमेल मात्र कर.

जाता जाता त्या नाळेच्या रक्ताबद्दल, कारण पुढेमागे पुन्हा असा फोन येईल तेव्हा तू हो म्हणायच्या मनःस्थितीत असशील. स्वतःच्याच बाळासाठी खासगी बँकेत ते साठवून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय, आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 'जैविक विमा' म्हणून ते विकण्याला विरोध केलाय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नकोस.

राहिल्या सासूबाई.

माझं मत विचारतेस तर सांगते. एक तर 'राँग नंबर' त्यांना पटलेलाच नाही. पटला असता तर त्या दोन दिवस आधी गेल्या नसत्या. राँग नंबरवाली पोरगी महिना सांगून, तारीख सांगून अभिनंदन करत नाही. आत्ता त्यांच्या मनात काय चाललं असेल? सून सात महिन्यांची असायला हवी, समोर तर तसं काही दिसत नाही. म्हणजे एक तर झालेलं लपवलं किंवा झालेलं काढून टाकलं. दुसरी शंका त्यांच्या मनात आली असेल तर ती तुमच्या दोघांच्या गप्प बसण्याने वाढतच जाईल. खरं त्या दोन्हींपेक्षा सोपं आहे.

दुसरं म्हणजे, तू त्यांच्यापासून काही लपवलेलं नाहीस. तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही रीत त्यांच्याच पिढीची आहे, आणि तू ती पाळलीस. 'तिसरा सरला की पहिल्यांदा तुम्हालाच सांगणार होते' हे वाक्य खरं आहे, तेच बोल. त्यांना लागलंय ते सुनेने न सांगितल्याचं नाही. नातवंडाची बातमी एका परक्या पोरीने हिंदी-मराठीत वाचून दाखवली, ते लागलंय. आणि त्यांच्या वयाच्या बायकांच्या पोटात अशी एखादी न सांगितलेली गोष्ट किती वेळा असते! आमच्याकडे एका काकूंनी सत्तराव्या वर्षी सांगितलं की आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांचा एक गेला होता. घरात कुणाला माहीतच नव्हतं.

फोनवर सांगू नकोस. चांदवडला जा. नवऱ्याला बरोबर ने, पण बोलायचं तू. राँग नंबरचं त्याने म्हटलं, ते त्याने परत घ्यायचं, तेवढं त्याचं काम. त्या रडल्या तर रडू देत, काही वेडंवाकडं बोलल्या, 'जरा जपायला हवं होतंस' वगैरे, तर वर लिहिलेला 100 तल्या 10 ते 20 जणींचा आकडा तयार ठेव आणि त्या दिवशी वाद घालू नकोस. आणि मनातून वाटत असेल की नाही, हे माझं आहे, मला आत्ता कुणाला सांगायचं नाही, तर नको सांगूस. ते ठरवायचं तू, मी नाही, त्याही नाहीत. पण तसं असेल तर नवऱ्याला म्हण, 'आई, एक गोष्ट आहे, ती बोलायची तिची अजून तयारी नाही' एवढं तरी त्याने सांगावं. राँग नंबर नको.

तो हॅम्परचा फॉर्म भरला होतास का, आणि मेटाच्या यादीत कोण कोण निघालं, ते मला कळव. डॉक्टरांची पुढची भेट रद्द केली असशील तर आधी ती परत घे.